प्रशिक्षण देणारे रेस्टॉरंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंचित परिस्थितीतून आलेल्या तरुणांना हॉटेल व्यवसायाचे प्रशिक्षण देण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या रेस्टॉरंटांबद्दल तरुण, त्यांचे पालक, ग्राहक, देणगीदार आणि नोकरी देणारे व्यावसायिक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

असे रेस्टॉरंट म्हणजे नेमके काय?

बाहेरून पाहिले तर ते इतर कोणत्याही रेस्टॉरंटसारखेच असते. तेथे मेनू असतो, टेबल राखून ठेवता येते आणि जेवण झाले की बिल भरावे लागते. फरक असतो तो काम करणाऱ्या माणसांत आणि पैशाच्या वाटेत. स्वयंपाकघरात भाजी चिरणारे, भांडी धुणारे, टेबलावर पदार्थ आणून देणारे आणि गल्ल्यावर बसणारे यांपैकी बरेचसे तरुण तेथे शिकत असतात. त्यांच्या शेजारी अनुभवी शेफ आणि सेवा-प्रमुख उभे असतात, आणि त्या दिवसाचा धंदा सांभाळण्याइतकेच शिकवणे हेही त्यांचे काम असते. रेस्टॉरंटला होणारी शिल्लक मालकाकडे न जाता प्रशिक्षणावर खर्च होते.

या रचनेला प्रत्येक देशात वेगवेगळे कायदेशीर रूप मिळाले आहे. कोठे ती धर्मादाय संस्था असते, कोठे सहकारी संस्था, कोठे नफावाटपावर निर्बंध असलेली कंपनी. इटलीत १९९१ सालच्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांचा जो एक प्रकार मान्य केला, त्यात काम करणाऱ्यांपैकी किमान ३० टक्के माणसे वंचित गटांतील असावी लागतात. बांगलादेशातील नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी मांडलेल्या सामाजिक व्यवसायाच्या कल्पनेत गुंतवणूकदाराला त्याची मूळ रक्कम परत घेता येते, मात्र लाभांश घेता येत नाही. कायद्याचे रूप कोणतेही असो, शिल्लक कोठे जाते हा प्रश्न संस्थेला विचारावा आणि तिने त्याचे उत्तर हिशेबासह द्यावे, ही अपेक्षा रास्त आहे.

येथे कोणत्या तरुणांना प्रवेश मिळतो?

‘वंचित’ हा शब्द फार मोठा आहे आणि प्रत्येक संस्था त्यातला एखादा भाग निवडते. व्हिएतनाममधील हनोई येथे जिमी फाम यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली कोटो ही संस्था रस्त्यावर राहणाऱ्या मुलांपासून सुरू झाली. अमेरिकेतील डॅलस येथील कॅफे मोमेंटम बालसुधारगृहातून बाहेर पडलेल्या किशोरांना घेते, तर क्लीव्हलँड येथील एडविन्स ही संस्था तुरुंगवास भोगून आलेल्या प्रौढांसाठी आहे. मेलबर्नमध्ये २००९ साली सुरू झालेले आणि आता बंद झालेले चारकोल लेन हे रेस्टॉरंट मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी तरुणांसाठी होते. याखेरीज अठरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे अनाथाश्रम सोडावे लागलेले, शाळा अर्ध्यावर सुटलेले, निर्वासित म्हणून आलेले आणि मानवी व्यापारातून सुटका झालेले तरुणही अशा ठिकाणी शिकतात.

निवड करताना केवळ गरज किती मोठी आहे एवढेच पाहून चालत नाही. ज्याला आज व्यसनमुक्तीच्या उपचारांची गरज आहे किंवा ज्याच्याकडे आज रात्री झोपायला सुरक्षित जागा नाही, त्याला लगेच गजबजलेल्या स्वयंपाकघरात उभे करणे म्हणजे त्याच्या वाट्याला आणखी एक अपयश आणणे होय. म्हणून मुलाखतीबरोबर काही दिवस प्रत्यक्ष काम करून पाहण्याची संधी देण्याची पद्धत चांगली. त्यात संस्थेला तरुण कळतो, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे बारा-बारा तास धगीपुढे उभे राहणे आपल्याला जमेल का, हे त्या तरुणालाही कळते.

इतके व्यवसाय असताना हॉटेल व्यवसायच का निवडला जातो?

या व्यवसायाचे दार तुलनेने रुंद आहे. शाळेचा दाखला नसला तरी हातात कसब असेल तर काम मिळते, आणि ते कसब एका गावात शिकून दुसऱ्या देशातही वापरता येते. आतमध्ये वर जाण्याची शिडीही स्पष्ट असते. साहाय्यक म्हणून सुरुवात करणारा पुढे एखाद्या विभागाचा प्रमुख, मग उपप्रमुख आणि शेवटी मुख्य शेफ होऊ शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शेफ ओग्यूस्त एस्कोफिए यांनी रूढ केलेली ही विभागवार रचना जगभरच्या मोठ्या स्वयंपाकघरांत आजही चालते.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. ज्या मुलाला वर्षानुवर्षे ‘तुला काही जमत नाही’ असेच ऐकावे लागले आहे, त्याला येथे केलेल्या कामाचे फळ त्याच दिवशी दिसते. सकाळी सोललेले, चिरलेले, शिजवलेले संध्याकाळी कोणाच्या तरी ताटात जाते आणि ताट रिकामे होऊन परत येते. परीक्षेच्या निकालासाठी वर्षभर थांबावे लागत नाही. शिवाय सेवा सुरू होण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून जेवण्याची जी पद्धत अनेक स्वयंपाकघरांत आहे, ती अशा ठिकाणी विशेष जपली जाते, कारण एका टेबलाभोवती रोज ठरल्या वेळी बसून जेवणे ही गोष्ट काही मुलांना पहिल्यांदाच मिळत असते.

या व्यवसायाचे दोषही लपवू नयेत. रात्री उशिरापर्यंत काम असते, सणासुदीला सुट्टी मिळत नाही, पगार सुरुवातीला कमी असतो, पुष्कळ ठिकाणी मद्य हाताशी असते आणि आरडाओरडा करून काम करून घेणारे प्रमुख अजूनही आहेत. ज्या तरुणाने घरात हिंसा पाहिली आहे, त्याच्यावर ओरडल्याने तो झपाट्याने काम करत नाही. तो गोठून उभा राहतो किंवा निघून जातो. म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या रेस्टॉरंटातील शेफला आधी आपली भाषा बदलावी लागते.

प्रशिक्षणात काय काय शिकवले जाते?

पहिला धडा हात धुण्याचा असतो, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. साबणाने किमान २० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि नखांसकट. कच्चे मांस हाताळल्यावर, केसांना किंवा चेहऱ्याला हात लागल्यावर, कचरा टाकून आल्यावर, प्रत्येक वेळी. त्यानंतर सुरी धरणे येते. डाव्या हाताची बोटे आत वळवून, सुरीचे पाते बोटांच्या पेरांना टेकवून चिरण्याची सवय लागेपर्यंत वेग वाढवू दिला जात नाही. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि ती घसरते, ही गोष्ट नवख्यांना सहसा पटत नाही.

पुढे पूर्वतयारी शिकवली जाते. सेवा सुरू होण्याआधी आपल्या विभागातील प्रत्येक वस्तू मोजून, चिरून, झाकून, तारीख लिहून आपल्या जागी ठेवणे, याला जगभरच्या स्वयंपाकघरांत ‘मीझ आं प्लास’ हा फ्रेंच शब्द वापरतात. ज्याची पूर्वतयारी पक्की असते त्याची रात्र सुरळीत जाते; ज्याची अर्धवट असते त्याच्यामुळे सगळ्यांची सेवा अडते. मालाचा साठा लावताना आधी आलेला माल पुढे आणि नंतरचा मागे ठेवणे, वजन आणि प्रमाण पाळणे, पाककृतीचा खर्च काढणे, उरलेल्या मालाची नोंद ठेवणे हेही याच टप्प्यात येते. गणिताला घाबरून शाळा सोडलेली मुले येथे त्रैराशिक सहज शिकतात, कारण १० माणसांची पाककृती ६५ माणसांसाठी करायची असते आणि चूक झाली तर ती लगेच दिसते.

सेवेच्या बाजूला ग्राहकाचे स्वागत करणे, ऑर्डर ऐकून ती बरोबर लिहून घेणे, कोणता पदार्थ कशाचा आहे हे सांगता येणे, टेबल लावणे आणि आवरणे, बिल देणे आणि तक्रार शांतपणे ऐकून घेणे हे शिकवले जाते. खाद्यपदार्थांच्या ॲलर्जीचा भाग विशेष काळजीने शिकवावा लागतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ज्यांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते असे १४ घटक आहेत, त्यांत शेंगदाणे, दूध, अंडी, तीळ, गहू-जवासारखी ग्लूटेनयुक्त धान्ये यांचा समावेश होतो. ‘बहुधा नसावे’ हे उत्तर येथे चालत नाही. ठाऊक नसेल तर ‘विचारून सांगतो’ असे म्हणून आत जाणे, हे कमीपणाचे नसून व्यावसायिकतेचे लक्षण आहे, हे तरुणांच्या मनात रुजवावे लागते.

या सगळ्याच्या खाली आणखी एक शिक्षण सतत चालू असते. वेळेवर येणे, येणे शक्य नसेल तर आधी कळवणे, स्वच्छ गणवेश घालणे, चूक झाली तर ती लपवण्याऐवजी सांगणे, सहकाऱ्याशी भांडण झाले तरी पाळी पूर्ण करणे. नोकरी देणारे व्यावसायिक पाककौशल्यापेक्षा याच गोष्टी आधी विचारतात, कारण पाककृती ते स्वतः शिकवू शकतात.

प्रशिक्षण किती काळ चालते?

ते संस्थेवर आणि तरुणाच्या गरजेवर अवलंबून असते. एडविन्सचा अभ्यासक्रम ६ महिन्यांचा आहे, कॅफे मोमेंटमची सशुल्क नव्हे तर सवेतन उमेदवारी १२ महिन्यांची, तर कोटोचे प्रशिक्षण २४ महिन्यांचे असून त्यात निवासाचीही सोय असते. ज्याला केवळ कौशल्याची कमतरता आहे त्याला सहा महिने पुरतात. ज्याचे शिक्षण, आरोग्य, राहती जागा आणि नाती या सगळ्याच गोष्टी विस्कटलेल्या आहेत, त्याला अधिक काळ द्यावा लागतो, आणि तो देण्याची तयारी नसेल तर संस्थेने अशा तरुणाला वचनच देऊ नये.

शिकत असताना पैसे मिळतात का? शुल्क भरावे लागते का?

तरुणाकडून शुल्क घेऊ नये, आणि तो जे काम करतो त्याचा मोबदला त्याला मिळावा. ग्राहकाकडून पूर्ण बिल घेणाऱ्या रेस्टॉरंटात प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष उत्पादक काम करत असतो. ‘शिकत आहे’ या नावाखाली त्याला फुकट राबवणे हे शोषणच ठरते, मग हेतू कितीही चांगला असो. मोबदला विद्यावेतन म्हणून असो की वेतन म्हणून, त्याचे प्रमाण, दिवस आणि कपाती पहिल्याच दिवशी लेखी द्याव्यात. पैसे मिळाले नाहीत तर ज्यांना शिकण्याची सर्वांत अधिक गरज आहे तेच आधी गळतात, कारण त्यांच्या घरी त्यांच्या रोजच्या कमाईवर चूल पेटत असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ मध्ये हॉटेल आणि रेस्टॉरंटांतील कामाच्या परिस्थितीविषयी १७२ क्रमांकाचा करार संमत केला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट म्हटल्या आहेत : टीप मिळो वा न मिळो, कामगाराला नियमित अंतराने मूळ वेतन मिळाले पाहिजे, आणि नोकरीची खरेदी-विक्री जेथे चालत असेल तेथे तिला मनाई असावी. ज्या संस्था प्रशिक्षणानंतर नोकरी लावून देण्यासाठी तरुणाकडून रक्कम मागतात, त्यांच्यापासून दूर राहावे.

ग्राहकांनी दिलेली टीप कोणाला मिळते?

काही ठिकाणी ती सर्वांत समान वाटली जाते, तर काही ठिकाणी प्रशिक्षणार्थींच्या सामाईक निधीत जाते. माझ्या मते स्वयंपाकघर आणि सेवा या दोन्ही बाजूंत वाटणे न्याय्य आहे. नियम मेनूवर छापलेला असला की शंकेला जागा उरत नाही.

वयाची अट काय असते?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारानुसार कामाला लागण्याचे किमान वय सक्तीचे शालेय शिक्षण संपण्याच्या वयापेक्षा कमी आणि कोणत्याही परिस्थितीत १५ पेक्षा कमी असू नये. विकसनशील देशांना सुरुवातीला १४ ची मुभा आहे, आणि धोक्याच्या कामासाठी साधारणपणे १८ वर्षांची अट आहे. स्वयंपाकघरात धारदार पाती, उकळते तेल आणि रात्रपाळी असते, म्हणून बहुतेक संस्था सोळा-सतरा वर्षांच्या खाली जात नाहीत आणि त्या वयाच्या मुलांना यंत्रे, तळण आणि मद्यसेवा यांपासून दूर ठेवतात. स्थानिक कायदा याहून कडक असेल तर तोच पाळावा लागतो.

स्वयंपाकघराबाहेरच्या अडचणींचे काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्या संस्थेकडे नाही, तिचे प्रशिक्षण अपुरे आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन. मुले सुरी धरता येत नाही म्हणून सहसा सोडून जात नाहीत. घरमालकाने बाहेर काढले, शेवटची बस चुकते, ओळखपत्र नसल्याने बँकेत खाते उघडत नाही, न्यायालयात तारीख आहे, लहान बाळाला सांभाळायला कोणी नाही, जुने मित्र रोज रात्री दाराशी येऊन उभे राहतात, दात दुखतो पण दंतवैद्याकडे जायला पैसे नाहीत, अशा कारणांनी ती सोडून जातात. यातली प्रत्येक अडचण सोडवता येण्याजोगी असते, पण ती सोडवायला कोणीतरी नेमलेला माणूस लागतो, आणि तो माणूस शेफ असू शकत नाही, कारण शेफचे लक्ष त्या वेळी चुलीवर असते.

म्हणूनच नावाजलेल्या संस्थांनी स्वयंपाकघराच्या भोवती आधाराचे दुसरे घर उभे केलेले दिसते. एडविन्सने आपल्या विद्यार्थ्यांसाठी राहण्याची व्यवस्था केली. लॉस एंजेलिस येथे ग्रेगरी बॉइल या जेझुइट धर्मगुरूंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या होमबॉय इंडस्ट्रीजमध्ये बेकरी आणि कॅफेबरोबरच अंगावरचे टोळीचे गोंदण मोफत काढून दिले जाते. प्रथमदर्शनी याचा पावाशी काय संबंध, असे वाटेल. परंतु चेहऱ्यावर टोळीचे चिन्ह घेऊन मुलाखतीला गेलेल्या माणसाला दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि जुन्या गल्लीतून जाताना त्याच चिन्हामुळे त्याचा जीवही जाऊ शकतो. समुपदेशन, कायदेशीर मदत, साक्षरतेचे वर्ग, बचतीची सवय, डॉक्टरांची वेळ घेऊन देणे, ही सर्व कामे प्रशिक्षणाचाच भाग म्हणून अंदाजपत्रकात धरावी लागतात.

शिकाऊ हातांनी केलेले जेवण सुरक्षित असते का?

अन्नसुरक्षेच्या नियमांत शिकाऊ आणि अनुभवी असा भेद नसतो. तपासणी अधिकारी दोघांनाही एकच कसोटी लावतो. पदार्थ ५ ते ६० अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान फार काळ राहिला तर जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून थंड ते थंड आणि गरम ते गरम ठेवणे, पुन्हा गरम करताना मधला भाग ७५ अंशांपर्यंत पोहोचला की नाही हे तापमापकाने पाहणे, कच्च्या मांसासाठी आणि तयार अन्नासाठी वेगवेगळ्या रंगांचे पाट वापरणे हे रोजचे काम असते. पुष्कळदा असे दिसते की जुन्या स्वयंपाकघरांत अंदाजावर चालणाऱ्या गोष्टी येथे मोजून आणि लिहून केल्या जातात, कारण शिकवायचे म्हणजे प्रत्येक पायरी उच्चारून दाखवावी लागते. प्रत्येक ताट बाहेर जाण्यापूर्वी अनुभवी शेफ ते पाहतो. नव्या प्रशिक्षणार्थीला एकट्याने विभाग सांभाळायला दिला जात नाही.

सेवेत चूक झाली तर ग्राहकाने काय करावे?

जे इतर कोठेही केले असते तेच करावे : शांतपणे सांगावे. सूप गार आले असेल, ऑर्डर चुकली असेल तर ‘बिचारा शिकतोय’ म्हणून गप्प बसणे ही त्या तरुणाला मदत नव्हे. उद्या तो ज्या हॉटेलात नोकरीला लागेल तेथील ग्राहक गप्प बसणार नाही. तक्रार कशी ऐकायची, क्षमा कशी मागायची आणि ताट बदलून पुन्हा टेबलापाशी ताठ मानेने कसे यायचे, हे शिकण्याची जागा हीच आहे. अपमान मात्र करू नये, आणि तक्रारीनंतर सेवा सुधारली तर तेही आवर्जून बोलून दाखवावे.

येथे जेवणे म्हणजे दान करणे होय का?

नाही, आणि ते तसे होऊ नये. ग्राहक दयेपोटी एकदा येतो. चवीसाठी पुन्हा पुन्हा येतो. शिवाय रिकाम्या रेस्टॉरंटात कोणी काही शिकत नाही. दहा टेबले एकाच वेळी भरल्यावर हातांची आणि डोक्याची जी गती लागते, ती वर्गात दाखवून येत नाही. म्हणून जेवण खरोखर चांगले असणे आणि त्याचा योग्य मोबदला घेणे हीच प्रशिक्षणाची पहिली अट आहे.

मग असे रेस्टॉरंट स्वतःच्या कमाईवर चालू शकते का?

बहुतेक वेळा पूर्णपणे नाही, आणि याचे कारण गैरव्यवस्थापन असतेच असे नाही. साध्या रेस्टॉरंटाचा हिशेब पाहिला तर कच्चा माल आणि मनुष्यबळ या दोनच गोष्टींवर विक्रीच्या साधारण ६० ते ६५ टक्के रक्कम जाते. उरलेल्यातून भाडे, वीज, इंधन, दुरुस्ती, विमा आणि कर भागवल्यावर मालकाच्या हाती थोडेच राहते. प्रशिक्षण देणाऱ्या रेस्टॉरंटाला याच गणितात जादा शिक्षक, समुपदेशक, विद्यावेतन आणि शिकताना वाया जाणारा माल बसवायचा असतो. त्यातच आणखी एक अडचण अशी की माणूस चांगला तयार झाला, की त्याला बाहेर पाठवायचे असते. कोणतेही दुसरे रेस्टॉरंट आपला उत्तम कर्मचारी टिकवण्यासाठी धडपडते; हे मात्र त्याला दुसऱ्याकडे पोहोचवून पुन्हा नवख्यापासून सुरुवात करते.

त्यामुळे दोन हिशेब वेगळे ठेवणे उचित ठरते. रेस्टॉरंटने रेस्टॉरंट म्हणून आपला खर्च भागवावा आणि प्रशिक्षणाचा खर्च देणग्या, शासकीय अनुदान व करारांतून यावा. वॉशिंग्टन येथील डीसी सेंट्रल किचन ही १९८९ मध्ये रॉबर्ट एगर यांनी स्थापन केलेली संस्था आणि सिॲटलमधील फेअरस्टार्ट यांनी शाळा, निवारागृहे अशा ठिकाणी जेवण पुरवण्याची कंत्राटे घेऊन आपला पाया रुंद केला. कंत्राटी जेवणात रोजची मागणी आधी ठाऊक असते, काम दिवसा होते आणि नवख्यांना सावकाश शिकवता येते, म्हणून ही वाट मला विशेष समंजस वाटते.

नावाच्या वलयावर विसंबणे धोक्याचे आहे, हे लंडनच्या फिफ्टीन या प्रशिक्षण-रेस्टॉरंटने दाखवून दिले. प्रसिद्ध ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर यांनी २००२ मध्ये १५ बेरोजगार तरुणांना घेऊन ते सुरू केले, दूरचित्रवाणीमुळे ते जगभर माहीत झाले, आणि अनेक पदवीधर पुढे चांगल्या स्वयंपाकघरांत पोहोचले. परंतु मे २०१९ मध्ये ऑलिव्हर यांचा रेस्टॉरंट समूह आर्थिक संकटात सापडला तेव्हा तेही बंद पडले, आणि २००६ पासून चालू असलेले कॉर्नवॉलचे फिफ्टीन त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद झाले. रेस्टॉरंट बुडाले तरी मधल्या टप्प्यातील विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण पूर्ण कसे होणार, याची तरतूद सुरुवातीलाच केलेली असावी.

वेटरला त्याची कहाणी विचारावी का? छायाचित्र घ्यावे का?

विचारू नये. त्याने आपण होऊन सांगितली तर आदराने ऐकावी, पण जेवणाबरोबर दुःखाची गोष्ट वाढणे हे त्याचे काम नाही. टेबलापाशी तो वेटर आहे, आणि तेथे त्याला वेटर म्हणूनच पाहिले जावे यासाठी त्याने एवढे कष्ट घेतले आहेत. कंबोडियात १९९४ पासून काम करणाऱ्या फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने मुले ही पर्यटकांसाठी प्रेक्षणीय स्थळे नाहीत अशी मोहीमच चालवली होती. हाच नियम संस्थांनाही लागू आहे. देणग्या मिळवण्यासाठी एखाद्या मुलीचा भूतकाळ नावानिशी, छायाचित्रासह छापला, तर दहा वर्षांनी ती वरिष्ठ पदावर असतानाही तो कोणाच्याही फोनवर सापडतो. लेखी संमती घेतलेली असली तरी अठराव्या वर्षी, आधार देणाऱ्या संस्थेपुढे, नकार देणे किती कठीण असते याचा विचार व्हायला हवा.

मध्येच सोडून गेलेल्यांचे काय होते?

काही जण जातात, आणि त्यांतले काही परत येतात. दार बंद करून टाकणे सोपे असते, पण ज्यांच्या आयुष्यात प्रत्येकाने एका चुकीनंतर दार बंद केले आहे त्यांच्याबाबतीत तसे करणे म्हणजे जुनाच धडा गिरवणे. हिंसा, चोरी किंवा नशेत कामावर येणे यांबाबत नियम कडक आणि सर्वांना सारखे हवेत. परत येण्याची वाट कशी, किती दिवसांनी आणि कोणत्या अटींवर खुली होईल, हेही त्याच नियमांत लिहिलेले हवे.

प्रशिक्षणानंतर नोकरी कोठे मिळते, आणि नोकरी देणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

हॉटेले, रेस्टॉरंटे, बेकऱ्या, रुग्णालयांची आणि कंपन्यांची उपाहारगृहे, जहाजे, खानपानसेवा अशा अनेक ठिकाणी. प्रत्येकालाच झगमगत्या रेस्टॉरंटात जायचे नसते. एकटीने मूल वाढवणाऱ्या तरुणीला रुग्णालयाच्या उपाहारगृहातील दिवसपाळी रात्री बाराला संपणाऱ्या नोकरीपेक्षा कितीतरी सोयीची पडते, आणि तिने ती निवडली तर ते प्रशिक्षणाचे अपयश मानू नये.

नोकरी देणाऱ्याने सवलत देण्याची गरज नाही, स्पष्टता द्यावी. कामाचे तास, पगार, वरिष्ठ कोण, अडचण आली तर कोणाला सांगायचे, हे पहिल्या दिवशी सांगावे. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात, कारण ओळखीच्या माणसांचा आधार सुटलेला असतो आणि नवा अजून मिळालेला नसतो. या काळात संस्थेचा माणूस दर आठवड्याला दूरध्वनी करत असेल तर त्याला लुडबुड समजू नये. भूतकाळाची माहिती ज्यांना कामासाठी आवश्यक आहे त्यांच्यापुरतीच ठेवावी.

कार्यक्रम यशस्वी आहे हे कशावरून ओळखायचे?

किती जणांना प्रमाणपत्र दिले या आकड्यावरून नव्हे. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी प्रशिक्षण पूर्ण केले, त्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी आणि वर्षाने कामावर होते, पगार काय होता, राहण्याची जागा स्थिर होती का, हे विचारावे. टक्केवारी सांगितली की ती कशाची, हेही विचारावे. पूर्ण करणाऱ्यांपैकी ९० टक्के आणि प्रवेश घेणाऱ्यांपैकी ९० टक्के यांत फार मोठे अंतर असते. ज्या संस्थेचा गळतीचा आकडा अगदीच कमी आहे, ती कदाचित अवघड परिस्थितीतील तरुणांना दारातूनच परत पाठवत असेल.

आम्हाला असे रेस्टॉरंट सुरू करायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

लहान प्रमाणात करावी. कॅफे मोमेंटमचे संस्थापक चॅड हाउसर यांनी २०१५ मध्ये स्वतःची जागा उघडण्यापूर्वी काही वर्षे इतरांच्या रेस्टॉरंटांत एका रात्रीपुरत्या जेवणाचे कार्यक्रम करून पाहिले. कोटोची सुरुवात सँडविचच्या छोट्या दुकानापासून आणि नऊ मुलांपासून झाली. जागा भाड्याने घेण्यापूर्वी दोन माणसे शोधावीत : धंदा कळणारा आणि शिकवण्याचा संयम असलेला शेफ, आणि तरुणांच्या बाहेरच्या अडचणी हाताळणारा समाजकार्यकर्ता. पहिल्या तुकडीत थोडेच तरुण घ्यावेत, आणि त्यांना घेण्याआधी ते पुढे कोठे नोकरीला जातील त्या हॉटेलांशी बोलून घ्यावे. किमान वर्षभराचा प्रशिक्षण-खर्च हातात असल्याखेरीज दार उघडू नये.

पूर्वीचे विद्यार्थी पुढे शिकवायला येतात का?

येतात, आणि त्यांच्यासारखे शिक्षक दुसरे नसतात. कोटो हे नाव ‘नो वन, टीच वन’ (Know One, Teach One), म्हणजे ‘स्वतः शिका आणि दुसऱ्याला शिकवा’, या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. पूर्वी त्याच गणवेशात, त्याच सिंकपाशी उभ्या राहिलेल्या माणसाने ‘उद्या दहा मिनिटे आधी ये’ असे म्हटले, की नवखा तरुण ते ऐकतो. मात्र अशा पदवीधराला थेट प्रशिक्षक न करता आधी दोन-तीन वर्षे बाहेरच्या स्वयंपाकघरांत काम करू द्यावे. मोठ्या हॉटेलची सकाळची न्याहारी आणि लग्नसमारंभाची हजार ताटे सांभाळून आल्यावर त्याच्याकडे शिकवायला पुष्कळ काही असते, आणि परत यायचे की नाही हे ठरवण्याइतके स्वातंत्र्यही.